लॅपटॉपला जोडला की चालतो, बॅटरीवर टाकला की मरतो: पिकोच्या रोबोटचं नेहमीचं दुखणं

गिरगावात आमच्या चाळीतल्या मंडळाच्या खोलीत दर रविवारी सकाळी सातवी ते दहावीची मुलं जमतात. कोपऱ्यात गणपतीच्या मखराचे खांब उभे करून ठेवलेले असतात, आणि उरलेल्या फरशीवर आमचे रोबोट पळतात. सगळ्यांची रचना साधारण एकसारखी: दोन पिवळ्या गिअर मोटरी, पुढे आवाजाने अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचे दोन डोळे, मध्ये रास्पबेरी पाय पिको हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि त्यावर मायक्रोपायथन, म्हणजे अशा बोर्डांसाठीचं पायथन. तक्रारही जवळजवळ दर रविवारी तीच.

"ताई, लॅपटॉपला लावलेला असतो तेव्हा मस्त चालतो. वायर काढून बॅटरीवर टाकला की मरतो."

हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा नीट लिहूनच ठेवते. या एका वाक्यात चार वेगवेगळे बिघाड दडलेले असतात आणि बाहेरून चारही सारखेच दिसतात: रोबोट जागच्या जागी थांबतो. मग मुलं, आणि त्यांच्यामागे उभे असलेले आईबाबाही, लगेच प्रोग्रॅम उघडून बसतात. इफची अट उलटी करून बघतात, स्लीपचे आकडे वाढवतात, दुसऱ्या कुणाचा कोड आणून चिकटवतात. दुपारपर्यंत चांगला चालणारा प्रोग्रॅम बिघडतो आणि मूळ दुखणं होतं तिथेच राहतं. जो प्रोग्रॅम लॅपटॉपला जोडल्यावर चालला, त्याच्या तर्काला हात लावू नका. वीज कुठून येतेय आणि कुठे कमी पडतेय ते आधी शोधा. त्यासाठी पिकोलाच बोलतं करायचं.

दिव्याला विचारा

पिकोवर एक छोटा हिरवा दिवा आहे, २५ नंबरच्या जीपीआयओला, म्हणजे प्रोग्रॅमने हाताळता येणाऱ्या टोकाला, जोडलेला. (पिको डब्ल्यूवर तो वायफायच्या चिपमागे आहे, तिथे २५ ऐवजी 'एलईडी' हे नाव द्यावं लागतं.) प्रोग्रॅमच्या अगदी वर, मोटरींचा विषय निघायच्या आधी, हा दिवा तीनदा भराभर लुकलुकवा. आणि मुख्य व्हाइल लूपमध्ये प्रत्येक फेरीला त्याची स्थिती उलटवा, म्हणजे लूप चालू असेपर्यंत दिवा धडधडत राहील. टॉगल नावाचं फंक्शन पिनमध्ये तयारच आहे. चार-पाच ओळींचं काम.

आता यूएसबी काढा, बॅटरी लावा, रोबोट फरशीवर सोडा आणि चाकांकडे न बघता दिव्याकडे बघा. दिवा चारपैकी एक गोष्ट सांगेल. एकदाही लुकलुकला नाही, तर प्रोग्रॅम सुरूच झालेला नाही. मधूनच पुन्हा ते तीन भराभर लुकलुक दिसले, तर पिको बंद पडून नव्याने सुरू झाला, म्हणजे वीज कोसळली. धडधड थांबून दिवा चालू किंवा बंद अशा एकाच स्थितीत गोठला, तर पिको जिवंत आहे पण प्रोग्रॅम कुठेतरी वाट बघत अडकलाय. आणि काही वेळ छान चालून दिवा कायमचा विझला, तर वीज देणाराच निघून गेला. (बंद स्थितीत गोठलेला दिवा आणि वीज जाऊन विझलेला दिवा सारखेच दिसतात; शंका वाटली तर पिकोला वीज मिळतेय का ते मीटरने बघा.)

यातलं पहिलं लवकर आटोपतं. थॉनीत, म्हणजे लॅपटॉपवर ज्यात आपण प्रोग्रॅम लिहितो त्यात, हिरवं बटण दाबलं की प्रोग्रॅम लॅपटॉपवरून पिकोला पाठवला जातो आणि तिथे चालतो, पण त्याने तो पिकोत साठवला जात नाही. सेव्ह करताना थॉनी विचारतं, या कॉम्प्युटरवर ठेवू की पिकोवर. पिकोवर ठेवायचा आणि नाव 'मेन डॉट पीवाय' असंच द्यायचं, सगळी अक्षरं लहान. वीज आल्यावर मायक्रोपायथन आपणहून हीच फाइल शोधून चालवतं. 'माझा रोबोट फायनल' अशा नावाची फाइल पिकोवर कितीही वर्षं पडून राहिली तरी ती आपोआप सुरू होणार नाही. पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाचं हे एकदा होतंच.

तीन लुकलुक पुन्हा दिसले तर

हे सगळ्यात जास्त घडतं आणि सगळ्यात जास्त फसवतं, म्हणून इथे थोडं थांबते.

सातवीतल्या एका मुलीचा रोबोट भिंत दिसली की मागे वळायला हवा होता. लॅपटॉपच्या लांब वायरीवर वळत होता. बॅटरीवर मात्र सरळ जायचा, भिंतीपाशी यायचा आणि बरोबर तिथेच गचका खाऊन थांबायचा. क्षणभराने पुन्हा भिंतीकडे निघायचा, पुन्हा गचका. खोलीतल्या सगळ्यांचं एकमत झालं की सेन्सरची अट चुकली आहे. बिचारीने १५ सेंटिमीटरचे २० केले, २० चे ३० केले. रोबोट त्या त्या अंतरावर गचका खायला लागला. म्हणजे सेन्सर बरोबर काम करत होता! दिव्याचे तीन लुकलुक घातल्यावर दोन मिनिटांत उलगडा झाला. भिंत दिसली, प्रोग्रॅमने मोटरी उलट्या फिरवल्या, त्या क्षणी पिको बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि पहिल्या ओळीपासून 'पुढे चल' म्हणू लागला.

नेमकं तेव्हाच का? थांबलेली मोटर म्हणजे विजेच्या दृष्टीने नुसतं तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्याचा रोध फार थोडा, म्हणून ते बॅटरीतून मिळेल तेवढा प्रवाह ओढतं. मोटर फिरायला लागली की ती स्वतःच उलट्या दिशेचा दाब तयार करते आणि प्रवाह उतरतो. म्हणून पळणारी पिवळी मोटर दीड-दोनशे मिलिअँपिअरवर भागवते, पण सुरू होतानाच्या किंवा चाक अडकल्याच्या क्षणी तीच एक अँपिअरच्या घरात जाऊ शकते. पुढे जाणारी मोटर एकदम उलटी फिरवली तर त्याहून वाईट: तिचा आधीचा उलटा दाब आता बॅटरीच्याच बाजूने उभा राहतो आणि धक्का जवळपास दुप्पट होतो. दोन मोटरी, दोन्ही एकदम उलट्या. भिंतीपाशी नेमकं हेच घडत होतं.

लॅपटॉपला जोडलेलं असताना हे दिसत नाही, कारण तेव्हा पिकोला वीज लॅपटॉप देतो. बॅटरी फक्त मोटरींसाठी राबते आणि ती कितीही वाकली तरी पिकोला पत्ता लागत नाही. वायर काढली की दोघांचं पोट एकाच बॅटरीवर.

आणि ती बॅटरी कुठली होती? ९ व्होल्टची चौकोनी. पिकोला ती थेट जोडलेली नव्हती; मोटरी चालवणाऱ्या ड्रायव्हर बोर्डातून ५ व्होल्ट होऊन येत होती. ती धुराच्या अलार्मसाठी, मल्टिमीटरसाठी, म्हणजे घोट घोट वीज लागणाऱ्या वस्तूंसाठी बनलेली असते. आत सहा चिमुकले सेल एकामागे एक, त्यामुळे अंतर्गत रोध जास्त, आणि स्वस्तातल्या झिंक-कार्बन प्रकारात तर फारच जास्त. मुलीने मल्टिमीटर लावून मला दाखवला: "ताई, ८.७ दाखवतोय, बॅटरी चांगली आहे." तिचं वाचन बरोबरच होतं, फक्त तेव्हा बॅटरीवर काहीच भार नव्हता. मी तिला मीटर तसाच लावून ठेवायला सांगितला आणि मोटरी चालू असताना दोन्ही चाकं बोटांनी हलकेच धरली. आकडा ५ च्या खाली घसरला. तोही मीटरने सावकाश, सरासरी काढून दाखवलेला. खरा खड्डा त्याहून खोल आणि काही मिलिसेकंदांचा असतो, साधा मीटर तो पकडूच शकत नाही.

मुलांना माझं सांगणं स्पष्ट असतं: रोबोटला चौकोनी बॅटरी लावूच नका. एकदाही नाही. "नवीन आहे", "महागातली आहे" वगैरे कारणं मी ऐकत नाही.

खड्डा मोजायचा कसा

मीटरला जे दिसत नाही ते पिकोला दिसतं. पिकोची वीएसवायएस पिन, म्हणजे जिथून तो बॅटरीची वीज घेतो ती ३९ नंबरची पिन, आतल्या आत तीनास एक अशा प्रमाणात भागून २९ नंबरच्या जीपीआयओला जोडलेली आहे. मायक्रोपायथनमध्ये एडीसीचा, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करून देणाऱ्या भागाचा, ३ नंबरचा चॅनल वाचायचा, आलेल्या आकड्याला ९.९ ने गुणून ६५५३५ ने भागायचं, की व्होल्ट मिळतात. यूएसबीवर असताना उत्तर ४.७ च्या आसपास आलं तर मांडणी बरोबर आहे; ५ येत नाही, कारण वाटेत एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, आहे. (पिको डब्ल्यूमध्ये ही पिन वायफायच्या चिपशी वाटून घेतलेली आहे, तिथे हे सरळ जमत नाही. तिथे १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकामागे एक लावून मधला बिंदू २६ नंबरच्या जीपीआयओला द्या आणि उत्तर दुप्पट करा.)

मग एक छोटा वेगळा प्रोग्रॅम. मोटरी थांबलेल्या स्थितीतून २० टक्के वेगाने सुरू करा, लगेच दोन हजार वाचनं घ्या, त्यातलं सगळ्यात लहान लक्षात ठेवा. मोटरी थांबवा, फाइल उघडून वेग आणि आकडा एका ओळीत लिहा, आणि फाइल बंद करा. बंद करायला विसरलात तर ओळ हरवेल. सेकंदभर दम घेऊन पुढची पायरी ४० टक्के, मग ६०, ८०, १००. चाकं हवेत धरून करू नका. हवेतली मोटर सुखात असते. रोबोट फरशीवर, त्याच्या खऱ्या वजनासकट पळू द्या. प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला ही फाइल आधीच आहे का ते तपासा आणि असल्यास तिथेच थांबा, नाहीतर रीस्टार्ट झाला की जुन्या ओळींखाली नव्या जमत जातील आणि गोंधळ उडेल.

त्या मुलीच्या रोबोटची फाइल आम्ही लॅपटॉपवर उघडली तेव्हा तिच्यात चारच ओळी होत्या. २० टक्क्यांना ४.९, ४० ला ४.६, ६० ला ३.८, ८० ला २.७. शंभरची ओळच नव्हती. ती ओळ लिहायला पिको जिवंत राहिला नव्हता. तिने बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि मग म्हणाली, "म्हणजे प्रोग्रॅम माझा बरोबरच होता."

पिको मुळात चिवट आहे. त्याचा आतला रेग्युलेटर १.८ ते ५.५ व्होल्टमध्ये काहीही दिलं तरी त्यातून ३.३ व्होल्ट करून घेतो. तोही कोसळतोय म्हणजे दुष्काळ खराच मोठा.

उपाय, मी ज्या क्रमाने करते त्या क्रमाने

आधी फुकटचा उपाय. उलट फिरवण्याआधी मोटरी पूर्ण थांबवा, २०० मिलिसेकंद थांबा, मग वेग एका दमात न देता फॉर लूपने दहा-पंधरा पायऱ्यांत वर न्या, प्रत्येक पायरीला २० मिलिसेकंद. पीडब्ल्यूएमची ड्यूटी, म्हणजे मोटरीचा वेग ठरवणारा आकडा, शून्यापासून ६५५३५ पर्यंत असते, तेव्हा चारेक हजारांची पायरी ठीक. लोकल फलाटावरून सुटताना सावकाश वेग घेते, तसं. एवढ्याने बरेच रोबोट सुधारतात आणि गिअरचे प्लास्टिकचे दातही वाचतात.

मग बॅटरी. डबल ए आकाराचे, म्हणजे आपण ज्यांना पेन्सिल सेल म्हणतो ते, चार रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड सेल. प्रत्येकी १.२ प्रमाणे ४.८ व्होल्ट. कागदावर हा आकडा ९ पेक्षा लहान दिसतो आणि मुलांना पटत नाही, पण दोन अँपिअर मागितले तरी हे सेल फारसे वाकत नाहीत. साधे अल्कलाइन सेल चार घ्यायचे असतील तर जपून. नवे असताना ते १.६ पर्यंत असतात, म्हणजे चारांचे ६.४ झाले, आणि ते थेट वीएसवायएसला दिले तर पिकोची ५.५ ची मर्यादा ओलांडली. अल्कलाइन तीनच घ्या.

लिथियमचे १८६५० सेल लॅमिंग्टन रोडवर जागोजागी मिळतात. ते ताकदवान असतात, पण मोकळ्या सेलच्या दोन टोकांना चुकून चावी किंवा तार लागली तर भाजण्याइतका प्रवाह वाहतो. शाळकरी मुलांच्या दप्तरात मोकळे लिथियम सेल मला नकोत. आणि सेलवर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेलं असेल तर तो घेऊच नका; या आकाराच्या चांगल्या सेलमध्येही साधारण ३५०० च्या आसपासच मावतात.

यानंतर कपॅसिटरकडे, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या भागाकडे, यायचं. "मोठा कपॅसिटर टाक, प्रश्न मिटेल" असं जो तो सांगतो. कुठे टाकायचा ते मात्र कुणी सांगत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. हिशेब करून बघा. १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर बॅटरीवर लावला आणि मोटरी २ अँपिअर ओढतायत. एक व्होल्ट घसरेपर्यंत तो किती तग धरेल? ०.००१ गुणिले १ भागिले २, म्हणजे अर्धा मिलिसेकंद. मोटरींची भूक त्यापेक्षा कितीतरी लांब चालते.

आता तोच कपॅसिटर, अगदी त्याहून लहान ४७० मायक्रोफॅरॅडचा, पिकोच्या दारात ठेवा आणि दारापुढे एक शॉट्की डायोड लावा. बॅटरीच्या प्लसपासून डायोड, डायोडच्या पट्टीच्या बाजूला वीएसवायएस, आणि तिथेच कपॅसिटरचा प्लस. '१एन५८१७' डायोड मागा, दुकानदार लगेच देईल. आता बॅटरी वाकली तरी कपॅसिटरमधली वीज मोटरींकडे मागे वाहू शकत नाही. डायोड अडवतो. ती फक्त पिकोला मिळते आणि पिकोला लागतात जेमतेम ३० मिलिअँपिअर. ४.५ व्होल्टपासून २ पर्यंत उतरायला त्याला तीसएक मिलिसेकंद लागतात. मोटरींचा पहिला झटका आणि आपला सावकाश वाढवलेला वेग यांची सांगड घातली तर एवढा वेळ पुष्कळ झाला. त्या डायोडचा आणखी एक फायदा: बॅटरी आणि यूएसबी चुकून एकदम जोडली गेली तरी लॅपटॉपची वीज बॅटरीत घुसत नाही. कपॅसिटरची पांढऱ्या पट्ट्याची बाजू ग्राउंडला, हे लावण्याआधी दोनदा बघा.

मोटरींच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरॅडचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर, ज्यावर १०४ लिहिलेलं असतं तो, सोल्डर करा. मोटरीतले ब्रश ठिणग्या पाडतात आणि त्यांची खरखर सेन्सरच्या आकड्यांत उतरते, ती याने कमी होते.

ड्रायव्हरबद्दल. लाल बोर्ड, मोठा काळा हीटसिंक, एल२९८एन. प्रत्येक किटमध्ये हाच येतो. हा जुन्या पद्धतीचा, बायपोलर ट्रान्झिस्टरचा ड्रायव्हर. एक अँपिअर प्रवाहाला त्याच्या आतच १.८ पासून ३.२ व्होल्टपर्यंत खर्ची पडतात. चार सेलच्या ४.८ मधून मोटरीला उरणार किती? म्हणूनच मुलं ९ व्होल्टकडे वळतात आणि तिथून हे सगळं दुष्टचक्र सुरू होतं. डीआरव्ही८८३३ किंवा टीबी६६१२ हे नव्या पद्धतीचे, मॉसफेट ट्रान्झिस्टरचे छोटे बोर्ड घ्या. ते फारच कमी खातात आणि ४.८ वर मजेत चालतात. एक मात्र विसरू नका: पहिल्यावर स्लीप आणि दुसऱ्यावर स्टँडबाय नावाची पिन असते. तिला ३.३ व्होल्ट दिले नाहीत तर मोटरी हूं की चूं करणार नाहीत.

सगळं स्वतंत्र करायचं असेल तर पिकोला तीन सेल आणि मोटरींना चार, हा माझा सर्वांत आवडता मार्ग. थोडं वजन वाढतं. पण दोन्हींचे ग्राउंड एकत्र जोडायलाच हवेत, नाहीतर पिको काय सांगतोय ते ड्रायव्हरला कळणारच नाही.

दिवा गोठला तर

नववीतल्या एका मुलाच्या रोबोटला नवे सेल, डायोड, कपॅसिटर सगळं लावून झालं. तरी बॅटरीवर टाकला की तीन लुकलुक, आणि मग दिवा तसाच लागलेला. रीस्टार्ट नव्हता. हा दुसराच आजार.

अल्ट्रासॉनिक सेन्सरला ५ व्होल्ट लागतात, म्हणून त्याने सेन्सरची लाल वायर पिकोच्या ४० नंबरच्या पिनला दिली होती, व्हीबसला. तिथे ५ व्होल्ट असतात खरे, पण ते यूएसबीचे. यूएसबी काढली की ती पिन कोरडी पडते. वीएसवायएसमधली बॅटरीची वीज तिथे उलटी जाऊ शकत नाही, आतला डायोड अडवतो. सेन्सर मेला. आणि प्रोग्रॅममध्ये होतं, 'इको पिन (परतलेल्या आवाजाची खबर देणारी सेन्सरची पिन) शून्य आहे तोपर्यंत वाट बघ'. मेलेल्या सेन्सरची इको कायमच शून्य राहणार, आणि प्रोग्रॅम तिथे जन्मभर उभा राहणार.

इथे मात्र प्रोग्रॅममध्ये एक खरी दुरुस्ती हवी. हाताने लिहिलेली ती दोन व्हाइल लूप काढून टाका आणि मशीन मॉड्यूलमधलं 'टाइम पल्स यूएस' हे फंक्शन वापरा. त्याला ३०००० मायक्रोसेकंदांची मुदत द्या. आवाजाला पाच मीटर जाऊन परत यायला साधारण एवढाच वेळ लागतो, आणि हा सेन्सर त्यापलीकडे बघतही नाही. मुदतीत पल्स सुरूच झाली नाही तर उणे दोन परत येतं, सुरू होऊन संपली नाही तर उणे एक. उणे काहीही आलं की मोटरी थांबवा आणि दिवा वेगळ्या तालात लुकलुकवा. भिंत दिसत नसताना अंदाजाने पुढे जाणारा रोबोट मला चालत नाही.

आणि वायर हलवा. त्याच सेन्सरचा, म्हणजे एचसी-एसआर०४ चा, नावाला पी अक्षर जोडलेला प्रकार मिळतो, तो ३.३ वरही चालतो. त्याला ३६ नंबरच्या पिनवरून वीज द्या, बॅटरी असो की यूएसबी, तिथे ती असतेच. जुनाच ५ व्होल्टचा सेन्सर असेल तर त्याच्या इकोवर ५ व्होल्ट येतात आणि पिकोच्या पिना ३.३ पेक्षा जास्त सोसत नाहीत. मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचा विभाजक हवाच. "आत्तापर्यंत तर काही झालं नाही" हे ऐकलं की माझा जीव वर-खाली होतो, कारण पिन एकदम न मरता हळूहळूही जाऊ शकते आणि मग चुकीचे आकडे देत राहते.

त्या मुलाने लाल वायर ४० वरून काढून ३६ वर लावली. चार पिना खाली. सेन्सर वर्गातल्या डब्यातला पी प्रकारचा घेतला. पाच मिनिटांचं काम, आणि आदल्या दोन रविवारी तो रडकुंडीला येऊन घरी गेला होता.

छान चालून विझला तर

पिकोला पॉवरबँक लावलेली असेल तर बहुधा हेच. पॉवरबँक मोबाइलसाठी बनते. पिकोचे तीस मिलिअँपिअर तिला इतके किरकोळ वाटतात की मोबाइल भरला असं समजून ती काही वेळाने झोपी जाते. तिच्यावर कमी प्रवाहाची सोय असेल तर ती चालू करा, नाहीतर सेलवर या. पॉवरबँकेशी भांडण्यात वेळ घालवू नका.

आणि आपला पावसाळा

जून ते सप्टेंबर या महिन्यांत वरचं सगळं बरोबर असूनही रोबोट अडतात. गिरगाव चौपाटी आमच्यापासून चालत काही मिनिटांवर. हवेत खार आणि ओल दोन्ही. सेलच्या होल्डरमधल्या स्प्रिंगांवर आधी काळपट, मग हिरवट-पांढरा थर चढतो. डोळ्यांना क्षुल्लक वाटतो, पण दोन अँपिअर त्यातून जायचे असतील तर तो मधला रेझिस्टरच होऊन बसतो.

तपासायची युक्ती सोपी आहे. मोटरी चालू ठेवा. मीटरचं एक टोक सेलच्या बोंडाला आणि दुसरं त्या बोंडाला टेकलेल्या होल्डरच्या पत्र्याला लावा. एकाच जागची दोन टोकं, तेव्हा आकडा शून्याजवळ हवा. ०.१ च्या वर दिसला तर तो सांधा वीज खातोय. प्रत्येक टोकाला असंच बघत जा. चार सेल म्हणजे आठ सांधे; प्रत्येकाने थोडं थोडं खाल्लं तरी व्होल्टभर गेला. बारीक पॉलिश पेपरने घासा, कोरड्या फडक्याने पुसा. गंज खोलवर असेल तर नवा होल्डर आणा.

ब्रेडबोर्डच्या वायरींचंही तेच. दप्तरात घालून गर्दीच्या लोकलमधून आणलेला रोबोट खोलीत उतरतो तेव्हा एखादी तरी जंपर वायर अर्धी निघालेली असते. मोटरी आणि बॅटरीचा जाड प्रवाह ब्रेडबोर्डमधून नेऊच नका. तो ड्रायव्हरच्या स्क्रूमध्ये थेट आवळा किंवा सोल्डर करा. ब्रेडबोर्ड फक्त सिग्नलच्या वायरींसाठी.

त्या सातवीतल्या मुलीने पुढच्या रविवारी चार रिचार्जेबल सेल आणले आणि डायोड-कपॅसिटर स्वतः सोल्डर केले. मग कुणी न सांगता मोजणीचा प्रोग्रॅम पुन्हा चालवला. फाइलमध्ये पाच ओळी आल्या. शेवटची: १०० टक्के, ४.१.